हौसाबाईच्या नावातलं रशियन अक्षर

या सदरात लोक काय काय लिहितात ते मी नेहमी वाचते आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा चिडते. घाटात पांढरी साडी नेसलेली बाई, वडाखाली पैंजणांचा आवाज... अहो, आमच्या भागात थोडे दिवस राहून बघा, घाटात भीती वाटते ती खड्ड्यांची. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या सासूबाई अंगारा लावायला आल्या की मी कपाळ मागं घ्यायचे, इतकी मी या बाबतीत तुसडी आहे.

मग मी इथं कशाला लिहितेय? कारण जे झालं ते मी ज्याला ज्याला सांगितलं त्यानं त्यानं मलाच शहाणपण शिकवलं. एक म्हणाला व्हायरस असेल. दुसरा म्हणाला कीबोर्डात चहा सांडला असेल. तिसऱ्यानं तर, "मॅडम, चष्म्याचा नंबर तपासून घ्या," असं तोंडावर सांगितलं. माझं डोकं सणकलं. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. कुणाला कारण सापडलं तर जरूर सांगा, मी हात जोडून ऐकेन. फक्त चष्मा म्हणू नका.

माझं वेल्ह्यात टायपिंग आणि ऑनलाईन अर्जांचं दुकान आहे. तालुक्याचं नाव आता बदललंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. दुकान म्हणजे एक गाळा, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. माहेर माझं भोरचं. टायपिंग तिथंच शिकले, लग्न होऊन इकडं आले आणि तेव्हापासून हेच करतेय. दाखले, उतारे, पीक विमा, रेशन, आधार... डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं येतात, मी त्यांची नावं इंग्रजीत टाईप करते. आयुष्यात दुसरं काय केलं म्हणाल तर लोकांची नावं टाईप केली. त्यामुळं मला कुणी "नीट टाईप केलं नसेल" म्हटलं ना, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर पासली गावचा संपत त्याच्या आईला घेऊन आला. संपत टेम्पो चालवतो, भात आणि जनावरांचा चारा नसरापूरपर्यंत पोचवतो. आई म्हणजे हौसाबाई. सत्तरीच्या आतबाहेर असेल, काटक, पण उजवा पाय ओढत चालायची. खुब्याचा सांधा पार झिजलेला. भाताच्या खाचरात वाकून वाकून जन्म गेला, दुसरं काय होणार! पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला सांधा बदलायला सांगितलं होतं. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होणार होतं, पण त्यासाठी योजनेचं कार्ड हवं होतं. कार्ड नाही तर तारीख नाही. आणि म्हातारीला रात्री कूस बदलता येत नव्हती, बसली की उठायला दोन माणसं लागायची.

कार्ड काढणं तसं अगदी सोपं काम. साइटवर नाव टाकायचं, ते आधारवरच्या नावाशी जुळलं की पुढचं पान उघडतं. मी टाकलं Hausabai, पुढं नवऱ्याचं नाव, आडनाव. बटण दाबलं. लाल अक्षरात उत्तर आलं, नाव जुळत नाही.

म्हटलं चुकलं असेल. परत टाकलं. परत तेच. आधार कार्ड शेजारी धरलं, एकेक अक्षर बोटानं ताडून पाहिलं. तेच्या तेच! साइट झोपली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी बोलावलं. पुन्हा लाल. संपत बिचारा टेम्पो सोडून येत होता, म्हातारी पायरी चढताना कण्हत होती, आणि मी त्यांना "उद्या या" म्हणत होते. मलाच माझी लाज वाटायला लागली. शेवटी त्यांना नसरापूरच्या एका ओळखीच्या केंद्रात पाठवलं. म्हटलं माझ्याच मशीनला काहीतरी झालं असेल. तर तिथूनही हात हलवत परत आले. तिथल्या माणसानंही टाईप केलं, तिथंही नाव जुळेना.

मग मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या पोरीनं मला स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे." म्हटलं, बरोबर आहे ना, मग घेत का नाही? ती म्हणाली, "मॅडम, सिस्टिममध्ये नाव वेगळं दिसतंय." म्हटलं, काय वेगळं दिसतंय? ती म्हणाली, "सेमच दिसतंय, पण वेगळं आहे." आता यावर काय बोलणार सांगा! मी फोन आपटला. तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांनीही कागद डोळ्यांपाशी नेऊन पाहिला आणि दिसतंय तर बरोबर म्हणून मलाच परत दिला. दिसतंय तर बरोबर... हे मला काय आंधळीला सांगताय!

त्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी बसून विचार केला. तिच्या अर्जाची मी एक प्रत वर्डमध्ये ठेवली होती, ती उघडली आणि त्या फाईलमध्ये नुसतं Hausabai शोधायला सांगितलं. कॉम्प्युटर म्हणाला, सापडत नाही. नाव माझ्या डोळ्यांसमोर, भलं मोठं, आणि हा म्हणतो सापडत नाही! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, त्याला नंबर दिसतो. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक एक नंबर दिलेला आहे. आपल्या क ला वेगळा, इंग्रजी a ला वेगळा. वर्डमध्ये एखादं अक्षर निवडून सिम्बॉलचा चौकोन उघडला की खाली त्याचा नंबर आणि नाव लिहून येतं. मी H निवडला. ठीक. H च्या नंतरचा a निवडला. इंग्रजी a चा नंबर असतो 0061. तिथं होतं 0430. आणि नाव लिहिलं होतं सिरिलिक. म्हणजे रशियन लोक लिहितात ती लिपी. त्यांच्यातही एक а आहे, दिसायला आपल्या इंग्रजी a सारखाच, कुणाच्या बापाला फरक कळणार नाही. पण नंबर वेगळा, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबी अक्षरच वेगळं. पुढचे दोन्ही a मात्र साधे, इंग्रजी. तो एकच तेवढा परका.

पासलीच्या म्हातारीच्या नावात रशियन अक्षर! ती बाई कशीबशी पुण्यापर्यंत गेलेली. आणि रशियन अक्षर आलं कुठून? मी तर A चं बटण दाबलं होतं.

आता लगेच म्हणाल, चुकून रशियन कीबोर्ड चालू झाला असेल. सगळे हेच म्हणतात आणि मी प्रत्येकाशी भांडते. ऐका. एक तर माझ्या मशीनवर इंग्रजी आणि मराठी सोडून तिसरी भाषाच नाही. आणि समजा असली, समजा चुकून चालू झाली, तरी रशियन कीबोर्डवर A चं बटण दाबलं की а येत नाही, ф येतो. मधोमध काठी घातलेला गोल असतो ना, तसला. त्यांचा а येतो तो आपल्या F च्या बटणावर. म्हणजे H दाबल्यावर मी आधी भाषा बदलायची, मग F दाबायचं, मग परत भाषा इंग्रजी करायची आणि पुढचं नाव लिहायचं... आणि हे सगळं मलाच न कळता! तेही प्रत्येक वेळी. शिवाय नसरापूरच्या माणसानंही तसंच करायचं, आमचं आपसात ठरल्यासारखं!

तरी मी सगळं करून पाहिलं. इंटरनेट बंद करून साध्या नोटपॅडमध्ये तिचं पूर्ण नाव टाईप केलं, वर्डमध्ये नेऊन पाहिलं, 0430. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, 0430. मोबाईलवर टाईप करून पाठवलं, 0430. माझा धाकटा भाऊ प्रशांत पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन केला तर तो आधी हसला. मग त्यानं तिथून माझ्या मशीनचा ताबा घेतला, सगळं तपासलं, काहीही निघालं नाही. मग म्हणाला, थांब, मीच माझ्याकडं टाईप करतो. केलं. साधं 0061 आलं. मला म्हणाला, बघ, तुझंच काहीतरी चुकतंय. मी म्हटलं, तू नुसतं नाव टाकलंस. पासलीच्या म्हातारीचं म्हणून टाक, पुढं तिच्या नवऱ्याचं नाव टाक. त्यानं टाकलं. पुसून पुन्हा पुन्हा टाकलं, दर वेळी 0430. मग म्हणाला, "ताई, ते मशीन फॉरमॅट करून टाक." म्हटलं, अरे, मशीन तुझं आहे आत्ता! त्यावर त्यानं मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. एवढा शिकलेला माणूस!

त्याच आठवड्यात गुंजवण्याच्या एक बाई आल्या, त्यांचंही नाव हौसाबाईच. मी श्वास रोखून टाईप केलं. स्वच्छ इंग्रजी, तिन्ही a. काम झटक्यात झालं. म्हणजे भानगड नावाची नव्हती. या एका हौसाबाईचीच होती.

मी संपतला बोलावून घेतलं. म्हातारी पण आली. तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि दोघांना समजेल तसं सांगितलं की आजी, तुमच्या नावात एक अक्षर असं येतंय जे दिसतं आपलं, पण आहे दुसरंच. संपत म्हणाला, "आवो ताई, नाव एकच हाय ना, मंग अडतंय कुठं?" त्याला पुन्हा समजावलं. पण म्हातारी माझ्याकडं टक लावून बघत होती.

"म्हंजे दिसाया तीच, पर आतून दुसरीच. आसंच ना?" तिनं विचारलं.

"हो आजी, अगदी तसंच."

तिनं गळ्यातला काळा दोरा लुगड्यातून बाहेर ओढला. त्याला चांदीचा एक छोटा पत्रा होता, झिजून गुळगुळीत झालेला. त्यावर बाईची आकृती ठोकलेली.

"मंग ही आसंल," ती म्हणाली.

सवतीचा टाक होता तो. जुन्या लोकांत पद्धत आहे, नवऱ्याची पहिली बायको गेलेली असली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, हळदकुंकू आधी टाकाला, गोडधोड आधी टाकाला, मग आपण. तिचा नवरा आदल्या श्रावणात वारला होता. तेव्हा मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, बांगड्या काढल्या. टाक तेवढा राहू दिला. म्हणजे बघा, नवऱ्याचं सगळं उतरवलं आणि सवत गळ्यात ठेवली!

मग तिनं सांगितलं ते तिच्याच पोराला माहीत नव्हतं. संपत तोंड उघडं टाकून ऐकत होता. पहिली बायको बाळंतपणात गेली, बाळ पण गेलं. वर्ष उलटायच्या आत हिला आणली, तेव्हा ही नुकती वयात आलेली. त्या पहिलीचं नाव होतं हौसा. लग्नात नवरी मुलीचं नाव बदलायचं असतं. तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, सगळे वाकून वाचतात, पेढे वाटतात. हिच्या वेळेला काय नाव ठेवायचं म्हणून बायकांची चर्चा चालली होती, तर सासू म्हणाली, हौसाच ठेवा. का? तर घरातल्या पितळेच्या भांड्यांवर हौसाचं नाव घातलेलं होतं. हंडे, कळश्या, परात, सगळ्यांवर कोरलेलं. आता परत कुठं कोरून घेत बसायचं!

मी ते ऐकून उभीच राहिले. एवढ्यासाठी? एका जित्या पोरीला मेलेल्या बाईचं नाव, का, तर परातीवर आहे म्हणून? आमच्या तालुक्याचं नाव बदललं तर किती चर्चा, किती भाषणं, आणि या पोरीचं बदललं तेव्हा तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि त्या मेलेल्या बिचारीला तरी कुणी विचारलं का? तिचा नवरा गेला, घर गेलं, मूल गेलं, एक नाव काय ते तिचं उरलं होतं, तेही उचलून दुसरीला दिलं. मी मोठमोठ्यानं बोलत होते. शेजारचा मेडिकलवाला डोकावून गेला.

म्हातारी मात्र शांत होती. म्हणाली, "तिचं काय चुकलं न्हाई. लुगडं दावलं, खायाला दावलं, समदं तिला इचारून क्येलं. नाव तेवढं न्हाई इचारलं." मग टाक परत लुगड्यात सारत म्हणाली, "म्हातारा व्हता तवर ती गप व्हती. त्येच्या भिडंनं. आता कुणाची भीड?"

आता मी असल्या बोलण्याला कधी थारा देत नाही. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्याकडं तिच्यापेक्षा चांगलं कारण नव्हतं. मी विचारलं, "आजी, तुमचं माहेरचं नाव काय?"

तिनं आधी पोराकडं बघितलं. मग खाली बघितलं.

"गजरा," ती म्हणाली.

संपतनं आईचं नाव पहिल्यांदा ऐकलं. चाळिशी ओलांडलेला बाप्या, पोरंबाळं असलेला, आणि आपल्या आईचं नाव त्याला ठाऊक नाही! मी त्याला बोलणार होते, पण त्याचं तोंड बघून कीबोर्डाकडं वळले.

मी लगेच टाईप केलं, गजराबाई, पुढं तेच नवऱ्याचं नाव, तेच आडनाव. एकेक a उघडून पाहिला. सगळे 0061. माझ्या हातावर काटा आला, तो मी कुणाला दाखवला नाही.

म्हटलं, मग सरळ नावच बदलून घेऊ. राजपत्रात नाव छापून घ्यायचं, मग आधार बदलायचं, मग रेशन, मग हे कार्ड. वेळ जाईल, पण काम होईल. संपत तयार नव्हता. वाईट माणूस नाही तो, पण लोक काय म्हणतील याची काळजी त्याला. गावात सगळे हौसाकाकी म्हणतात, या वयात आता नाव बदललं तर हसतील, त्यापेक्षा साहेबांना भेटून काही जमतंय का बघू, ऑपरेशन लवकर होणं महत्त्वाचं, असं त्याचं म्हणणं. ऐकायला बरोबरच होतं ते. आणि पाय तिचा दुखत होता, माझा नाही, त्यामुळं मीही जोर करत नव्हते.

तेव्हा म्हातारी बोलली. "आजून चार म्हैनं पाय वढीन म्या. लोकांनी हाक मारू दे काय बी. पर कागदावर मला माझं पायजे. उंद्या म्या मेल्यावर तिच्या नावानं जाळू नका मला."

संपत उठून बाहेर गेला आणि टेम्पोला टेकून उभा राहिला.

माहेरी तिचा एक भाऊ जिवंत होता, त्याचा जबाब घेतला. ग्रामपंचायतीचा दाखला घेतला. त्यातही काय कमी अडचणी आल्या का? या वयात नाव बदलून काय करणार, असं एकानं हसत विचारलं. मी म्हटलं, तुमचं बदलून टाकूया का, बघा कसं वाटतं. ते सगळं जाऊ द्या. मला सांगायचंय ते प्रतिज्ञापत्राच्या दिवसाचं.

राजपत्रासाठी इंग्रजीतही मजकूर लागतो. म्हातारी समोर बसली होती, दुपारची वेळ, दारातून ऊन आत आलेलं. मी टाईप करत गेले. माझ्या पतीची पहिली पत्नी कैलासवासी हौसाबाई अमुक साली वारली, त्यानंतर माझा विवाह झाला, आणि तेव्हापासून मला हौसाबाई या नावानं ओळखतात. एकाच परिच्छेदात दोनदा तेच नाव. तीच बोटं, तेच बटण, मध्ये जेमतेम दोन ओळी. टाईप झाल्यावर मी सवयीनं शोधायला सांगितलं, Hausabai. कॉम्प्युटरला सापडलेला शब्द पिवळा होतो, माहीत असेल तुम्हाला.

एकच पिवळं झालं. मेलेल्या हौसाबाईचं. खालच्या ओळीतली हौसाबाई, जी माझ्या समोर खुर्चीत बसून श्वास घेत होती, ती त्याला सापडली नाही.

म्हातारीला वाचता येत नाही. पण तिला दिसलं, दोन सारख्या खुणा आणि त्यातली एकच पिवळी. तिनं विचारलं, पिवळी कोण? मी म्हटलं, पहिली. तिनं मान हलवली.

"बरूबर हाय की मंग. ज्येचं त्येला घावलं."

आणि तिनं हात जोडले. स्क्रीनला. मी नास्तिक बाई, मी काय करावं? मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरत बसले. डोळे भरून आले होते, ते तिला दिसू नयेत म्हणून.

पुढं सगळं झालं. वेळ लागला, भातकापणी झाली, दिवाळी गेली, पण झालं. नव्या नावाचं आधार आलं, मी साइट उघडली, गजराबाई टाकलं, आणि पुढचं पान उघडलं. लाल अक्षर नाही, काही नाही. इतके महिने जे पान माझ्या उरावर बसलं होतं ते असं उघडलं, की जणू त्याला कधी काही झालंच नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण राग जास्त आला, आणि अजून येतो.

कारण मला कारण कळलेलं नाही. प्रशांतला मी त्यानंतर दर वेळी विचारते, तो विषय बदलतो. नंबरांचं सगळं गणित मला पाठ आहे, कुठल्या बटणाला काय येतं ते झोपेतही सांगेन, आणि तरी A दाबल्यावर तो दुसरा а कसा आला हे मला सांगता येत नाही. भूत म्हणायला जीभ वळत नाही. भूत होतं असं धरलं तरी एक प्रश्न उरतोच, पासलीच्या त्या बिचाऱ्या बाळंतिणीला सिरिलिकचा नंबर कुणी शिकवला? आणि नव्हतं म्हणावं तर मग ते पिवळं काय होतं? तुमच्यापैकी कुणी हुशार असेल तर त्यानं सांगावं. मी ऐकायला बसलेय.

ऑपरेशनच्या दिवशी मी गेले नव्हते, संपतनं येऊन सांगितलं. दवाखान्यात बाकांवर बरीच म्हातारी माणसं बसलेली. नर्स दारातून आली आणि तिनं नाव पुकारलं, "गजराबाई कोण आहे?" संपत मान वळवून इकडं तिकडं बघायला लागला, कुणाची बाई आहे म्हणून. त्याच्या शेजारी त्याच्या आईनं हात वर केला होता.

"म्या," ती म्हणाली. "म्या गजरा."

तेवढंच सांगितलं संपतनं, आणि दुकानातल्या खुर्चीत बसून रडला.